एकत्र प्रक्षेपण की नुसता समन्वय : सेलच्या कडेवरील ग्राहकासाठी काय निवडावे?

सेलच्या, म्हणजे एका बेस स्टेशनच्या (मोबाइल टॉवरच्या) क्षेत्राच्या, कडेवर शेजारच्या बेस स्टेशनचा सिग्नल जवळपास तेवढ्याच ताकदीने पोहोचतो आणि तिथेच वेग कोसळतो, हे नेटवर्क नियोजन करणाऱ्यांना ठाऊक आहेच. मोबाइल मानके ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संस्थेच्या रिलीज ११ पासून एलटीईमध्ये (४जीमध्ये) त्यावर मुख्यतः दोन उपाय आहेत: दोन्ही साइटनी (बेस स्टेशननी) एकाच हँडसेटला एकाच वेळी डेटा पाठवायचा (संयुक्त प्रक्षेपण), किंवा डेटा एकीनेच पाठवायचा आणि दुसरीने आपला बीम (सिग्नलचा झोत) व रिसोर्स ब्लॉक (वेळ आणि फ्रिक्वेन्सीचे वाटून दिलेले तुकडे) त्या हँडसेटला अडथळा होणार नाही असे ठेवायचे (समन्वित शेड्युलिंग).

कागदावर संयुक्त प्रक्षेपण उजवे ठरते, कारण त्यात व्यत्ययाचाच उपयुक्त सिग्नल होतो. मात्र दोन्ही सिग्नल फेज (लहरींचे चढउतार) जुळवून पोहोचायचे, तर चॅनेलची, म्हणजे साइटपासून हँडसेटपर्यंतच्या रेडिओ मार्गाची, माहिती ताजी हवी. २ गिगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे १५ सेंटीमीटर असते आणि ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन तिच्या निम्मे अंतर साडेचार मिलिसेकंदांत कापते; तेवढ्यात आधीची माहिती शिळी होते. आमच्या क्लस्टरमध्ये काही साइट फायबरवर, तर काही मायक्रोवेव्ह लिंकवर होत्या. संध्याकाळी लोड वाढला की बॅकहॉलचा (साइटना नेटवर्कशी जोडणाऱ्या या दुव्यांचा) विलंब वरखाली होई, आणि चालत्या वाहनातील हँडसेटला एकाच साइटवर मिळाला असता त्याहूनही कमी वेग मिळे. त्या वेळी अलार्म मात्र एकही नसे, कारण प्रत्येक साइट आपापल्या जागी निर्दोष होती. दोष कोणत्याच साइटचा नाही आणि तक्रार तर खरी आहे, अशा स्थितीत दुरुस्तीला हात कुठे घालायचा, हा प्रश्न मला सर्वांत जाचला आणि माझी निवड त्यानेच ठरवली.

समन्वित शेड्युलिंगमध्ये विलंब वाढला तर फायदा घटतो, पण सेवा बिघडत नाही. शेजारच्या साइटला काही ब्लॉक मोकळे सोडावे लागतात व तेवढी तिची क्षमता जाते. ही किंमत मला परवडणारी वाटली.

सर्व रेडिओ हेड (अँटेनाजवळची रेडिओ उपकरणे) एकाच बेसबँड युनिटला (सिग्नलवर प्रक्रिया करणाऱ्या यंत्राला) फायबरने जोडलेले असतील आणि ग्राहक बसलेले किंवा चालत असतील, उदाहरणार्थ स्टेडियममध्ये, तर संयुक्त प्रक्षेपणाला माझा विरोध नाही. तिथेही २० मेगाहर्ट्झ व दोन अँटेनांसाठी प्रत्येक रेडिओमागे सीपीआरआयचे (रेडिओ हेड व बेसबँड युनिट यांच्यातील जोडणीचे) सुमारे अडीच गिगाबिट प्रतिसेकंद धरावे लागतात. मिश्र बॅकहॉलवर मात्र मी समन्वयापासूनच सुरुवात करीन, आणि ज्या जोड्यांमध्ये फायबर थेट आहे, तेवढ्यांवरच पुढचा प्रयोग करीन.