प्रिंटर झकास, घड्याळ भंगार

छपाईबद्दल तक्रार नाही. टोनर पुरतो, एडीएफमध्ये (कागद आपोआप ओढणारा ट्रे) कागद अडकत नाही, स्कॅन स्वच्छ येतं. पुढचं सगळं रडगाणं सर्टिफिकेटचं, म्हणजे नेटवर्कवर सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या डिजिटल दाखल्याचं आहे.

आमच्या विश्रामबागच्या पतसंस्थेत ऑडिटनंतर सगळ्या नेटवर्क पोर्टांवर ८०२.१एक्स आलं, ओळख पटल्याशिवाय नेटवर्कमध्ये प्रवेश नाही. म्हणजे प्रिंटरनेही पीईएपी या पद्धतीने, आधी सर्व्हरचं सर्टिफिकेट बघून आणि मग पासवर्डने, ओळख पटवून आत यायचं. बसवताना फ्रीरेडियसच्या (ही ओळख तपासणारा आमचा रेडियस सर्व्हर) लॉगमध्ये 'अननोन सीए' यायचं, म्हणजे सर्टिफिकेट देणारा (सीए) प्रिंटरला अनोळखी. आमच्या सीएचं मूळ (रूट) सर्टिफिकेट प्रिंटरमध्ये टाकल्यावर ते थांबलं, पण त्या सेटिंगच्या पानाला मी तेव्हाच शिव्या घातल्या होत्या.

पावसाळ्यात दुपारभर लाइट गेली. आल्यावर पॅनेलवर नुसतं 'ऑथेंटिकेशन फेल'. का, ते नाही. सर्व्हिसवाला कोल्हापूरहून आला, सर्व्हरच्या सर्टिफिकेटची पडताळणी 'नो व्हेरिफिकेशन'वर टाकली, व्हिजिट चार्ज घेतला आणि गेला. छपाई सुरू, मॅनेजरसाहेब खूश, माझं डोकं फिरलं. समोरचा सर्व्हर आपलाच का, हे प्रिंटरने बघायचंच नाही? कुणी प्रिंटरची वायर काढून खोट्या रेडियसला जोडली, तर एमएसचॅप-व्ही२ची (पासवर्ड तपासायची जुनी पद्धत) देवाणघेवाण आयती त्याच्या हातात. ती फोडता येते हे २०१२ पासून जगजाहीर आहे. वर शाखांतल्या सगळ्या प्रिंटरांना पासवर्ड एकच. हे काम फुकट केलं असतं तरी नको होतं, इथे तर पैसे मोजले.

पडताळणी परत चालू केली. लॉगमध्ये आता 'बॅड सर्टिफिकेट'. लाइट जायच्या आदल्या दिवशी हेच चालत होतं! मग पॅनेलवर तारीख दिसली: १ जानेवारी २०००. त्या तारखेला आमचं सर्टिफिकेट जन्मालाच आलेलं नाही, प्रिंटर बिचारा नाही म्हणणारच. वेळ एनटीपीवरून (नेटवर्कवरून घड्याळ लावायची सोय) घ्यावी तर नेटवर्क हवं, नेटवर्कसाठी सर्टिफिकेट पटायला हवं, आणि ते पटायला वेळ बरोबर हवी. यूपीएसवर लावावा तर फ्यूझर (टोनर कागदावर वितळवणारा भाग) तापताना आमचा छोटा यूपीएस किंचाळतो.

म्हणून शिव्या मागे. पडताळणी चोख आहे, कंजूषपणा घड्याळाच्या बॅटरीत केलाय. आता मी सगळ्यात कडक पर्याय ठेवलाय, सीए अधिक सर्व्हर आयडी, म्हणजे सर्टिफिकेटवरचं सर्व्हरचं नावही जुळायला हवं. नुसता सीए ठेवला तर त्याच सीएचं दुसरं सर्टिफिकेटही खपून जाऊ शकतं. फक्त रेडियस सर्व्हर बदललात तर सर्टिफिकेटवरचं नाव तेच ठेवा, नाहीतर प्रत्येक शाखेत फेरी.

कंपनीला मेल केला, उत्तरात वाढीव वॉरंटीचं दरपत्रक आलं. सध्या लाइट आली की शिपाईमामा पॅनेलवर तारीख टाकतात. घेणार असाल तर दुकानदाराला प्लग काढून दोन-तीन तास ठेवायला लावा, आणि छपाईच्या आधी तारीख बघा.