ओठ वाचायचे की हात?

आरशासमोर उभं राहून आवाज न काढता ‘माय’, ‘पाय’, ‘बाय’ म्हणून बघा. ओठ तिन्ही वेळा सारखेच मिटतात, म्हणजे बघणाऱ्यानं शब्द अंदाजानंच ओळखायचा. ओठ वाचून आणि बोलायला शिकून कर्णबधिर मुलानं शाळा पार करावी, ही पद्धत या अंदाजावर उभी आहे. १८८० साली इटलीतल्या मिलानला भरलेल्या कर्णबधिरांच्या शिक्षणावरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं तिलाच पसंती दिली आणि देशोदेशीच्या वर्गांतून सांकेतिक भाषा हद्दपार झाली. खुणा केल्या म्हणून मुलांच्या हातांवर छड्यासुद्धा बसल्या.

आता दुसरी वाट. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वात १९७० च्या दशकाअखेरीस राजधानी मानाग्वाच्या शाळेत कर्णबधिर मुलं प्रथमच मोठ्या संख्येनं एकत्र आली. शिक्षक ओठवाचन आणि स्पॅनिश शिकवत होते, पण मुलांच्या पदरी फारसं काही पडत नव्हतं. मैदानात आणि शाळेच्या बसमध्ये मात्र प्रत्येकानं आपल्या घरच्या खुणा आणल्या, त्या एकमेकांत मिसळल्या. मागून आलेल्या लहानग्यांनी त्यांना व्याकरण दिलं. मोठ्यांनी न शिकवता एक नवी भाषा जन्मली!

थोडंफार ऐकू येणाऱ्या मुलाला बोलणं जरूर शिकवावं, त्याचा उपयोग होतो. पण तोंडातून शब्द फुटेपर्यंत त्याला भाषेवाचून ताटकळत ठेवणं मला अन्याय वाटतो. स्वीडनच्या संसदेनं १९८१ मध्येच सांकेतिक भाषेला मान्यता दिली. मिलानचे ठराव नाकारायला मात्र कॅनडातल्या व्हँकुव्हरला भरलेल्या याच परिषदेत २०१० उजाडलं. मध्ये १३० वर्षं गेली.