फेअरट्रेड चहा दुधाच्या पातेल्यात: काही महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या पावसाळ्याच्या आधीपासून आमच्याकडे, ठाण्यात नौपाड्यात, फेअरट्रेडचा शिक्का असलेला चहा येतोय. दोन कंपन्यांचा. एक आसामचा सीटीसी, म्हणजे आपली नेहमीची दाणेदार मामरी, आणि दुसरा दार्जिलिंगचा पानांचा. कंपन्यांची नावं लिहीत नाही, कारण मला बोलायचंय ते मुख्यतः शिक्क्याबद्दल. चहा पिकवणाऱ्यांना किमान भाव आणि वर 'प्रीमियम' म्हणून थोडी वेगळी रक्कम मिळावी, यासाठीचा हा शिक्का.

आधी चव. सीटीसी झकास आहे. आलं ठेचून घातलं, दूध जरा जास्त पडलं तरी रंग उतरत नाही आणि आमच्या नेहमीच्या पावडरीपेक्षा चमचा थोडा कमी लागतो. दार्जिलिंग मात्र आमच्या घरी वाया गेला. सासूबाईंनी तो नेहमीसारखा खळखळ उकळला आणि विचारलं, "अगं, सिलिंडर संपेल आता, याला रंग कधी येणार?" तो चहा गरम पाण्यात तीनेक मिनिटं झाकून, बिनदुधाचा प्यायचा असतो. सकाळची लोकल गाठायची असते त्या घरात हे कौतुक कोण करणार? दुसरं पाकीट आणलं नाही.

तक्रार पॅकिंगची. पर्यावरणपूरक म्हणून सीटीसी नुसत्या जाड कागदाच्या पाकिटात येतो, आत फॉइल नाही. जुलैतली ठाण्याची हवा तुम्हाला माहीतच आहे. पाकीट फोडून आठवडा होत नाही तोच दाणे दमट झाले. त्यातून पाकीट मसाल्याच्या डब्याशेजारी राहिलेलं. चहा वास फार पटकन धरतो. दोन दिवस सगळ्यांनी गोडा मसाल्याच्या वासाचा चहा प्यायला. आता पाकीट आलं की लगेच घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ओतते आणि पावसाळ्यात शंभर ग्रॅमचंच मागवते.

आता भाव, आणि इथे मी कागद-पेन घेऊन बसले. पाव किलोला 240 रुपये. जांभळी नाक्यावरून आणायचो ती सुटी पावडर पाव किलो 130 ला पडते. कपाला तीन ग्रॅम धरले तर फरक सव्वा रुपयाच्या आसपास. टपरीवरच्या कटिंगच्या मानाने काहीच नाही. पण किलोचा हिशेब केला की वरचे 440 रुपये होतात, आणि ते कुठे जातात हा खरा प्रश्न.

फेअरट्रेडच्या आंतरराष्ट्रीय दरपत्रकात सीटीसी चहावर किलोमागे साधारण अर्धा डॉलर प्रीमियम असतो. म्हणजे आजच्या भावाने चाळीस-पंचेचाळीस रुपये. मी जास्तीचे 440 देते, त्यातला जेमतेम दहावा हिस्सा. कपामागे तेरा-चौदा पैसे. बाकीचे पॅकिंग, छोट्या कंपनीचा खर्च, कुरियर, नफा. यात फसवणूक नाही, पण पाकिटावरचा हसऱ्या बाईचा फोटो बघून आपण जे समजतो ते हे नव्हे.

हा प्रीमियम मजुरीतही मिळत नाही. मळ्यावरच्या कामगारांनी निवडलेली समिती तो कशावर खर्च करायचा ते ठरवते: मुलांचं शिक्षण, घरदुरुस्ती, दवाखाना. चांगलंच आहे. पण आसामात ब्रह्मपुत्र खोऱ्यातल्या मळ्यांवर 2023 च्या वाढीनंतर दिवसाची मजुरी 250 रुपये झाली. घर, रेशन वगैरे वेगळं असतं, 1951 च्या मळे कामगार कायद्यानेच मालकावर घर-दवाखान्याची जबाबदारी टाकली होती. तरी 250! आपल्याकडे नाक्यावरचा मजूर एवढ्यात अर्धा दिवसही येत नाही. आणि एक किलो चहापावडरीला साधारण साडेचार किलो ओली पानं खुडावी लागतात.

मजुरी-बोनस कसा वाढतो ते 2015 मध्ये मुन्नारला दिसलं. ज्या मळ्यांत आपण पॅकेज टूरवर जाऊन फोटो काढतो, तिथल्या हजारो बायका कामगार संघटनांच्या पुढाऱ्यांनाही बाजूला सारून रस्त्यावर बसल्या आणि 20 टक्के बोनसची मागणी पदरात पाडून घेतली. त्यात कुठल्याही शिक्क्याचा हात नव्हता.

छोट्या उत्पादकांची गोष्ट निराळी. देशातला निम्म्याच्या आसपास चहा आता त्यांच्याकडूनच येतो. ते पानं कारखान्याला विकतात आणि खुडलेलं पान त्याच दिवशी द्यावं लागतं, म्हणून भावाला कारखान्याच्या तोंडाकडे बघायचं. ऊस तोडल्यावर शेतकऱ्याची होते तीच अवस्था. फरक इतकाच की उसाला निदान एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान भाव आहे. म्हणून फेअरट्रेडच्या किमान भावाचं मोल मला मळ्यांपेक्षा इथे जास्त वाटतं.

पाकीट घेताना शिक्का जवळून बघा. त्याच्या शेजारी छोटा बाण असेल तर मागची बारीक अक्षरं वाचा. चहात 'मास बॅलन्स' चालतो: शिक्क्याचा आणि साधा माल एकत्र झाला तरी चालतं, खरेदी-विक्रीचं वजन वहीत जुळलं पाहिजे. तुमच्या कपातलं पान शिक्का मिळालेल्या मळ्याचं असेलच असं नाही. हिरव्या बेडकाचा शिक्का रेनफॉरेस्ट अलायन्सचा, तो किमान भाव ठरवून देत नाही. 'सेंद्रिय' हा शिक्का खत-औषधांपुरता, मजुरीशी त्याचा संबंध नाही. दुकानदार हे तिन्ही एकच म्हणून विकतो.

सीटीसीवाल्या कंपनीला मी मेल केला: मळा कोणता, आणि त्या मळ्याचा किती माल फेअरट्रेडच्या अटींवर विकला जातो? दुसरा प्रश्न महत्त्वाचा, कारण शिक्का मिळालेल्या मळ्यांचा बराचसा चहा साध्या भावानेच जातो आणि त्यावर प्रीमियम मिळत नाही. उत्तरात 'आमची मूल्यं' वर दोन परिच्छेद आणि पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट.

दार्जिलिंगवाल्यांनी मात्र पाकिटावरच मळ्याचं नाव आणि खुडणीचा हंगाम छापलाय. प्यायला आमच्या कामाचा नाही, पण माहिती अशी द्यावी.

सध्या सकाळच्या चहाला दोन भाग हा सीटीसी आणि एक भाग जांभळी नाक्याची पावडर असं मिश्रण चालू आहे. रंग चांगला येतो, महिन्याचा खर्चही आवाक्यात राहतो. मळ्याचं नाव छापणारा, फॉइलमधला आसाम सीटीसी कुणाला ठाण्यात किंवा वाशीकडे मिळाला असेल तर जरूर कळवा, हे पाकीट संपत आलंय.