लो टेम्परेचर सांगून साधं नायट्रायडिंग केलं, 2,32,020 रुपयांना बुडालो

स्टेनलेसचा जॉब हार्डनिंगला देणाऱ्यांनी हे वाचाच.

भोसरीत माझं छोटं मशीन शॉप आहे. मिठाच्या पाण्यावर चालणाऱ्या पंपांसाठी 316 ग्रेडच्या स्टेनलेसचे 60 शाफ्ट होते. सीलखाली झिजायला नकोत आणि गंजायलाही नकोत, म्हणून मुद्दाम लो टेम्परेचर प्लाझ्मा नायट्रायडिंग सांगितलं, म्हणजे कमी तापमानात पृष्ठभागात नायट्रोजन मुरवून तो कडक करायचा. नगाला 550, जीएसटी धरून 38,940 रुपये. हार्डनिंगवाल्याने माल साध्या, जास्त तापमानाच्या गॅस नायट्रायडिंगच्या भट्टीत घातला आणि सर्टिफिकेट लो टेम्परेचरचं हातात ठेवलं.

महिनाभरात सीलच्या जागी तांबूस डाग. बोट फिरवलं की गंज हाताला येतो. अख्खा लॉट परत आला. मटेरियल आणि मशीनिंगचे 1,86,000 पाण्यात.

डोकं फिरतं ते त्या सर्टिफिकेटने. केस डेप्थ, म्हणजे कडक थराची जाडी, 80 मायक्रॉन! 420-430 अंशांवर एका रात्रीत 80 येतच नाही, 15-20 आली तरी खूप. चोरी तिथेच लिहिलेली होती. पण ड्रॉइंगवर ‘किमान 15’ आहे. जास्त आली म्हणून कोण रिजेक्ट करतं? भट्टीच्या तापमानाचा चार्ट मागा. मिळाला नाही तर माल उचलू नका.

7,080 भरून लॅबमध्ये शाफ्ट कापला. एचिंग केल्यावर, म्हणजे कापलेल्या भागाला ॲसिड लावल्यावर, कडेचा थर काळाकुट्ट. खरं काम असतं तर पांढरा राहिला असता. 500 च्या वर नायट्रोजन क्रोमियमला खेचून नायट्राइड करतो. गंज रोखणारा पापुद्रा धरायला साडेदहा टक्के तरी क्रोमियम मोकळं लागतं, ते उरत नाही. 450 च्या खाली क्रोमियम जागचं हलत नाही, म्हणून कडकपणा येऊनही स्टेनलेसपण टिकतं. नुसता हार्डनेस बघून पास करू नका, तो दोन्ही पद्धतींत हजार विकर्सच्या वर येतो. लॉटबरोबर त्याच बारचा तुकडा पाठवा, तो कापून बघा.

पोलीस म्हणाले, हा व्यवहाराचा वाद, सिव्हिल कोर्टात जा. वकील म्हणाले, व्यावसायिक कामासाठी घेतलेली सेवा ग्राहक आयोगात टिकणार नाही. लघुउद्योगांच्या परिषदेत गेलो, तर तिथे फक्त थकलेल्या बिलांची दाद. म्हणजे मी बिल अडवलं असतं तर तोच माझ्यावर 2006 च्या लघुउद्योगांच्या कायद्याने बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लावून बसला असता! माल नासवणाऱ्याला कायदा, माल नासला त्याला हेलपाटे. कर भरायचा कशासाठी?

माझ्या नोटिशीला त्याचं उत्तर आलंय: ‘पीओवर (परचेस ऑर्डरवर) तापमानाचा आकडा नव्हता.’ ‘लो टेम्परेचर’ लिहिलेलं होतं, तरीही. तुम्ही पीओवर ‘450 अंशांच्या वर नाही’ असा आकडाच टाका. मी दिवाणी दावा लावतोय.