कॉलेज अल्जेब्रा की स्टॅटिस्टिक्स? आर्ट्सवाल्यांनी ऑनलाइन कोणता कोर्स घ्यावा

सायन्स नसलेल्यांना मॅथ्सचा एकच ऑनलाइन पेपर घ्यायचा असेल तर माझं मत सरळ स्टॅटिस्टिक्सला. आता बघा, १००० लोकांत १० जणांना एक आजार आहे, टेस्ट त्यातल्या ९ जणांना बरोबर पकडते पण उरलेल्या ९९० निरोगी लोकांतल्या १०% ना, म्हणजे ९९ जणांना, चुकून पॉझिटिव्ह दाखवते, मग एकूण पॉझिटिव्ह १०८ आणि खरे आजारी फक्त ९, म्हणजे बारातला एक! हे एकदा कळलं ना की रिपोर्ट बघून उगाच धाबं दणाणत नाही, आणि यात गुणाकार-भागाकाराच्या पुढचं काहीच लागलं नाही.

अल्जेब्रा वाईट नाहीये हां. पुढे इकॉनॉमिक्स किंवा एमबीए डोक्यात असेल तर तोच घ्या, कारण तिथे पुढे कॅल्क्युलस (बदलाचा वेग मोजणारं गणित) लागू शकतं आणि फंक्शन, ग्राफ, लॉगॅरिदम याशिवाय ते जमतच नाही. पण ऑनलाइनमध्ये तो जास्त जड जातो, एक पायरी सुटली की पुढचं सगळं डोक्यावरून जातं आणि व्हिडिओ काही थांबून विचारत नाही की समजलं का, त्यामुळे व्हिडिओ पॉज करून वहीत स्वतः गणित सोडवायची तयारी हवीच. स्टॅटिस्टिक्सला स्प्रेडशीट उघडून आकडे बदलून बघता येतात, एकच मोठा आकडा टाकला की सरासरी कशी उडी मारते आणि मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, जवळपास जागेवरच राहतो हे लगेच दिसतं.