‘सिझर्स’ की ‘अ पेअर ऑफ सिझर्स’?

इंग्रजीत कात्रीसाठीचं नाम कायम अनेकवचनी, म्हणून ‘अ सिझर’ चूक आहे हे कळलं, की पुढचा पेच येतो: नुसतं ‘सिझर्स’ लिहावं की आधी ‘पेअर ऑफ’ जोडावं? दोन्ही रूपं शुद्ध आहेत, त्यांची कामं वेगळी.

आधी क्रियापद. नुसत्या नामाला ते कायम अनेकवचनी: ‘द सिझर्स आर ऑन द टेबल’. ‘पेअर’ आलं की क्रियापद त्याच्यामागे जातं: ‘धिस पेअर ऑफ ट्राउझर्स इज टाइट’. खऱ्या चुका इथेच होतात. क्रियापदाच्या अगदी शेजारी ‘ट्राउझर्स’ दिसतं आणि हात ‘आर’ लिहून मोकळा होतो. उलट चूकही तितकीच होते. मराठीत चष्मा, कात्री, पक्कड ही सगळी एकवचनी, म्हणून ‘माय स्पेक्टॅकल्स इज ब्रोकन’ असं सहज लिहिलं जातं. तिथे ‘आर’च हवं.

मोजायचं असेल तर ‘पेअर’च घ्या: ‘थ्री पेअर्स ऑफ प्लायर्स’. ‘पेअर’लाही ‘एस’ लागतो. ‘सम सिझर्स’ चालतं, पण त्यावरून कात्री एक की चार हे कळत नाही.

मात्र अशा कायम अनेकवचनी नामांमध्ये ‘पेअर’ची धाव जोडलेल्या दोन भागांच्या वस्तूंपुरती. ‘क्लोद्ज’, ‘थँक्स’, ‘आउटस्कर्ट्स’ यांना ते लावता येत नाही. एकच कपडा सांगायचा तर ‘अ‍ॅन आयटम ऑफ क्लोदिंग’.

समोरच्या, ओळखीच्या वस्तूबद्दल बोलताना नुसतं अनेकवचन सुटसुटीत. खरेदीची यादी, बिल किंवा नेमकी संख्या असेल तिथे ‘पेअर’ वापरा.