डोळ्याच्या टीबीचा संशय: मँटू करावी की इग्रा?

युव्हायटिसचं, म्हणजे डोळ्याच्या आतल्या सुजेचं, कारण शोधताना टीबीचा संशय आला की डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बहुधा दोन चाचण्यांची नावं येतात, मँटू (हातावर सुई टोचून करायची) आणि इग्रा (रक्ताची). दोन्हीही करायला खिसा परवानगी देतोच असं नाही. मी मँटूपासून सुरुवात केली आणि इग्रावर येऊन थांबलो.

मँटू स्वस्त आहे, ही तिची मोठी जमेची बाजू. पण सुई टोचल्यावर 48 ते 72 तासांत हात पुन्हा दाखवावा लागतो. गुरुवारी टोचली की वाचन शनिवार-रविवारवर येतं. काटोल, उमरेडहून नागपूरला येणाऱ्याची त्यात मजुरी बुडते.

तेही चालवून घेतलं असतं. मला खटकलं ते वाचन. मोजायची असते बोटाला लागणारी टणक गाठ, भोवतीची लाली नव्हे. एका ठिकाणी लालीच्या कडेला पट्टी लावून सरळ 15 मिमी लिहिलं. दुसऱ्या जागी ताईंनी बॉलपेन त्वचेवरून हळूहळू सरकवत नेला, जिथे अडला तिथे रेघ ओढली, समोरच्या बाजूनेही तसंच केलं, आले 9. साधारण 10 च्या पुढे पॉझिटिव्ह धरतात. कित्येक महिन्यांची एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, घ्यायची की नाही, हे पट्टी धरणाऱ्या हातावर ठरावं, हे मला पटलं नाही. शिवाय लहानपणच्या बीसीजी लसीमुळेही मँटू पॉझिटिव्ह येऊ शकते.

इग्राला एकदाच रक्त द्यायचं. या चाचणीत वापरली जाणारी टीबीच्या जंतूची प्रथिनं बीसीजी लसीच्या जंतूत नसतात, त्यामुळे तो घोळ टळतो. महाग आहे, मान्य. काठावरचा आकडा तिथेही येतो. नळ्या 16 तासांच्या आत इन्क्युबेटरमध्ये जायला हव्यात, म्हणून नागपुरात धंतोली-रामदासपेठेत लॅब निवडताना तपासणी इथेच होते की नमुना बाहेरगावी जातो, एवढं आधी विचारा.

दोन्ही चाचण्या जंतूशी शरीराची ओळख झाल्याचं सांगतात. आज डोळ्यात टीबीच आहे, हे एकटीने कुठलीच सांगत नाही. डोळ्याच्या पडद्यावरचे डाग, छातीचा सीटी स्कॅन आणि डॉक्टरांची नजर, सगळं जुळवूनच एकेटी सुरू होते, बहुधा स्टेरॉइडच्या जोडीने. त्या औषधांत इथॅम्ब्युटॉल असेल तर रंग फिके दिसू लागताच लगेच कळवायचं. ते औषध डोळ्याच्या नसेला इजा करू शकतं.

तुमच्या डॉक्टरांचा कल वेगळा असेल तर त्यांचंच ऐका. पण निवड तुमच्यावर सोडली असेल आणि पैशांची सोय होत असेल, तर मी इग्राच सुचवेन. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी दोन्हींचे निकाल दबू शकतात, म्हणून त्या सुरू होण्याआधी तपासणी उरकता येईल का, ते विचारा. आणि दोन्ही करायचंच ठरलं, तर आधी इग्राचं रक्त द्या, मग मँटूची सुई घ्या. उलट क्रमाने केलं तर मँटूमुळे काही दिवसांनी इग्राचा आकडा वर सरकू शकतो.